मदत हवी आहे: कठीण वर्कआउटमध्ये नेमकं कुठपर्यंत ताणायचं? (ट्रायथलॉन, सातारा)

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात राहते, वय ४१, हायस्कूलला शिकवते. बरीच वर्षं पळते आहे, सातारा हिल हाफ मॅरेथॉन केली आहे. सायकल बऱ्यापैकी चालवते, पोहायला मात्र मोठेपणी शिकले. आता गोव्याची आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉन करायची आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल आणि त्यावर २१.१ किमी पळणं, सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. कोच नाही, तयारी एकटीच करते.

अंतराची भीती वाटत नाही. लांब राइड, लांब रन नीट होतात. अडतं ते जोराच्या वर्कआउटला. मंगळवारी पहाटे समर्थ मंदिरावरून निघून यवतेश्वर घाटात चार मिनिटं जीव तोडून वर पळते, मग तीन मिनिटं उतारावर हळूहळू खाली, असं पाच वेळा. शनिवारी कोरेगाव रस्त्याला सायकल, त्यात वीस-वीस मिनिटांचे दोन-तीन तुकडे जोरात, आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या बूट बदलून ५ किमी पळणं. मधल्या दोन दिवशी टँक. रविवारी लांब राइड, बहुतेक ठोसेघरच्या बाजूला. सोमवारी हलकं पळणं, घरापासून 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत आणि परत.

आता अडचण. घाटात चौथ्या वेळेला मांड्या भरून येतात, श्वास छातीत मावत नाही आणि आतून एकच आवाज येतो, बास. काही मंगळवारी मी त्या 'बास'च्या पुढे जाऊन पाचवाही पूर्ण करते आणि दिवसभर इतकं हलकं वाटतं की सहाव्या तासालाही वर्गात उभी राहून शिकवते. काही मंगळवारी तेच पाच, तेवढाच वेळ, आणि पुढचे दोन-तीन दिवस झोप लागत नाही, शाळेचा जिना चढताना पाय ओढावे लागतात, घरच्यांवर उगाच चिडचिड होते. घाटात असताना जाणवलेलं मात्र दोन्ही वेळा अगदी सारखं होतं. मग त्या क्षणी ओळखायचं कसं? 'बास' म्हणणारं मन आहे की शरीर?

घड्याळाचा फारसा उपयोग होत नाही. २२० वजा वय केलं तर माझे जास्तीत जास्त ठोके १७९ यायला हवेत. घाटात १८६ दिसतात आणि मी शुद्धीवर असते, बोलू शकत नाही एवढंच.

'हळू घ्या, वयाचा विचार करा' हा सल्ला घरून भरपूर मिळतो, तो इथे नको. मला माझी मर्यादा खरोखर कुठे आहे ते बघायचं आहे आणि ती पुढे सरकवायची आहे. आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. शाळेतल्या मुलींना मी हे दरवर्षी सांगते आणि तेव्हा माझ्याच अंगावर काटा येतो. मला ताणायचं आहेच, फक्त मोडायचं नाही.

आणखी एक. मी संकष्टी करते, चंद्रोदयापर्यंत काही खात नाही. ती मंगळवारी आली की काय करावं?

प्रतिसाद: घाटमाथा (कराड)

ताई, नमस्कार. प्रश्न फार नेमका मांडलात. मी दोन हाफ डिस्टन्स केल्या आहेत आणि अजून शिकतोच आहे, तेव्हा अनुभवाचं तेवढं सांगतो.

आधी ते २२० वजा वय सोडून द्या. ती ढोबळ सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय मनगटावरचं घड्याळ पळताना कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. शक्य असेल तर छातीचा पट्टा घ्या. मग एखाद्या सपाट रस्त्यावर, ताजेतवाने असताना, ३० मिनिटं एकटीने शर्यतीसारखं पळा आणि शेवटच्या २० मिनिटांतल्या ठोक्यांची सरासरी काढा. तो तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ टिकवता येईल अशा जोराची वरची हद्द. सोपं-मध्यम-कठीण असे ठोक्यांचे पुढचे सगळे झोन त्यावरून.

आता घाट. चार मिनिटांचे तुकडे चांगलेच आहेत. नॉर्वेत हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: जास्तीत जास्त ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार मिनिटं, मध्ये तीन मिनिटं हलकं, असे चार तुकडे, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं तो आकडा, ७ टक्क्यांच्या आसपास वाढला. पण लक्षात घ्या, तुकडे चार होते, आणि पळणारे तरुण मुलगे होते, ज्यांना त्याच आठवड्यात ठोसेघर आणि टँक नव्हता. तुम्ही चारच करा. पाचवा हा बक्षीस म्हणून ठेवा, मिळवला तरच.

मिळवला की नाही हे कसं ठरवायचं? रोज एकाच जागेवरून सुरुवात करा. पहिल्या चार मिनिटांत जिथे पोचाल तिथे कठड्यावर एक दगड ठेवा. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी तिथेच पोचायचं. दहा-पंधरा पावलं मागेपुढे चालेल. वळणभर मागे राहिलात, तर त्या दिवशीचं काम संपलं, मग मन काहीही म्हणो. आणि 'बास' ओरडत असतानाही दगड गाठत असाल तर ते ओरडणं मनाचं आहे, चालू ठेवा. त्रास किती होतोय यावर थांबायचं ठरवू नका, काम किती होतंय यावर ठरवा. या पद्धतीत एक फायदा असा की पहिला तुकडा उगाच जोशात उधळला जात नाही, कारण मग दगड फार वर जातो आणि पुढे तोच नडतो.

पण मला वाटतं तुमच्या दोन मंगळवारांमधला फरक घाटात नाहीच, तो आधीच्या दोन दिवसांत आहे. चार भिंतीपर्यंत पळणं हलकं कसं होईल? तो चढ आहे, ताई. साताऱ्याची हीच गोम आहे, घरातून बाहेर पडलं की एक तर चढ नाही तर उतार. रविवारी ठोसेघरचा चढ, सोमवारी परत चढ, मंगळवारी घाट. स्टीफन सायलर या क्रीडा संशोधकांनी जागतिक दर्जाच्या खेळाडूंची सरावाची नोंद तपासली तेव्हा साधारण ८० टक्के सत्रं अगदी सोपी आणि उरलेली खरोखर कठीण असं चित्र दिसलं. तुमच्याकडे सोपं काहीच नाही, सगळं मध्यम आहे, म्हणून कठीणला पाय उरत नाहीत. सोमवारी रहिमतपूर रस्त्याला गाडीने जाऊन सपाटीवर पळा. पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, चढ लागला की चक्क चाला.

सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आणि झोपही नीट नाही, अशी दोन्ही लक्षणं एकदम दिसली तर त्या दिवशी घाट नको.

शनिवारच्या सायकलीबद्दल: सायकलवर ताशी ६० ग्रॅम तरी कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, सवय झाली की ९० पर्यंत. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतं, यावरून हिशोब करा. खजूर, गुळाचं पाणी, राजगिऱ्याचा लाडू, जे पोटाला चालतं ते. पोटालाही सराव लागतो, गोव्यात पहिल्यांदा काही नवीन खाऊ नका. तिथला दमट उकाडाही साताऱ्याच्या पहाटेत कळणार नाही. शर्यतीआधीचे शेवटचे दोन आठवडे काही सोपी सत्रं उन्हं वर आल्यावर करा, अंगाला उष्णतेची सवय व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. कठीण सत्र मात्र उन्हात नको.

प्रतिसाद: कृष्णाकाठ (सांगली)

वर घाटमाथा यांनी पळण्याचं सांगितलं, मी पोहण्याचं सांगतो. आमचं बालपण कृष्णेत गेलं.

पाण्यात ताणायचा नियम थोडा वेगळा आहे. पळताना आधी दम संपतो, पाण्यात आधी हात बिघडतो. थकल्यावर कोपर खाली पडतं, हात पाणी धरत नाही, नुसता घसरतो. त्यानंतर मारलेली प्रत्येक लांबी म्हणजे चुकीच्या हाताचा सराव. म्हणून टँकवर एका लांबीला किती हात लागतात ते मोजत राहा. सुरुवातीला २२ लागत होते आणि आता २६ लागताहेत, तर सेट थांबवा, भिंतीला धरून मिनिटभर विश्रांती घ्या. परत २२-२३ वर आलात तर पुढे, नाहीतर टॉवेल.

वेग ठरवायला एक चाचणी: ४०० मीटर पूर्ण जोरात, नीट विश्रांती, मग २०० मीटर पूर्ण जोरात. समजा ४०० ला ९ मिनिटं २० सेकंद लागली आणि २०० ला ४ मिनिटं २४. फरक २९६ सेकंद, अंतराचा फरक २०० मीटर, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं २८ सेकंद. हा तुमचा पाण्यातला थ्रेशोल्ड. शंभरचे दहा तुकडे याच वेगाने, मध्ये १५ सेकंद. याच वेगाने १.९ किमी ४७ मिनिटांत होतं. समुद्रात डोकं वर काढून खूण बघावी लागते, लाटा असतात, म्हणून थोडं जास्त धरा. पोहण्याला १ तास १० मिनिटांची मुदत असते, त्यामुळे काळजी नको.

उघड्या पाण्याचा सराव हवाच, पण कण्हेरच्या किंवा उरमोडीच्या धरणात एकटीने उतरू नका. ताकद संपल्याचं पाण्यात कळतं तेव्हा काठ लांब असतो. कमरेला फ्लोट, सोबत पोहणारं माणूस, परवानगी, हे तीन नसतील तर टँकच बरा. आणि पाहुणे म्हणून सांगलीला आलात तर हौसेने कृष्णेत उडी मारू नका. भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेत. कोल्हापूरच्या राजाराम तलावात ट्रायथलॉन भरते, आधी तिथे छोटं अंतर करून बघा. गर्दीत पोहण्याची भीती तिथेच मोडेल.

प्रतिसाद: पायवाट (मिरज)

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः पळतेही. दगडाची कल्पना आवडली, पण दगड गाठत असतानाही थांबायलाच हवं अशा काही गोष्टी आहेत.

दोन्ही मांड्या सारख्या जळतात, थांबल्यावर दोन मिनिटांत उतरतं, ते चालेल. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखतंय, किंवा त्यामुळे पाऊल वेगळं पडायला लागलंय, तर तिथेच थांबा आणि चालत घरी या. छातीत दाब, चक्कर, ठोके अडखळल्यासारखे वाटणं, अंगावर शहारे येऊन घाम बंद होणं, यात मनाशी वाटाघाटी नाहीत. एवढ्या जोराचं काम करताय तर चाळिशीनंतर एकदा ईसीजी करून घ्या. फार कठीण सत्रानंतर स्नायू सुजून दुखताहेत आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू तुटून त्यातले घटक किडनीवर ताण आणतात. आणि दुखू नये म्हणून वर्कआउटआधी पेनकिलर अजिबात घेऊ नका.

दुसरं, बायकांचं जे कोणी बोलत नाही. पाळी पुढे ढकलली जातेय किंवा चुकतेय का? तुमच्या वयात इतर कारणंही असतात, पण सराव वाढला आणि जेवण तेवढंच राहिलं तरी असं होतं. शरीराला उरलेल्या कामांना ऊर्जा पुरत नाही, मग हाडं ठिसूळ होतात, झोप जाते, चिडचिड होते. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला आधी हेच आठवलं. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो.

संकष्टी जरूर करा, घाट बुधवारी करा. रिकाम्या पोटी जोराचं पळून वर दिवसभर उपास म्हणजे दुरुस्तीच्या वेळी शरीराकडे सामानच नाही. त्या दिवशी फार तर हलका टँक.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डायरी काढून बसले. ज्या मंगळवारांनंतर पाय गेले, त्यांच्या आधीच्या रविवारी जवळजवळ प्रत्येक वेळी ठोसेघर आहे. जे मंगळवार छान गेले, त्यांच्या आधी शाळेचं काहीतरी काम निघून रविवारची राइड हुकलेली किंवा छोटी झालेली. घाटमाथा दादा, तुमचं म्हणणं अगदी बरोबर निघालं.

आता असं ठरवलंय: रविवार लांब पण सपाट, सोमवारी पूर्ण विश्रांती किंवा टँक, मंगळवारी घाटात चार, दगड ठेवून. हलकं पळणं गुरुवारी, रहिमतपूर रस्त्याला. ठोसेघर महिन्यातून एकदा, आणि त्या आठवड्यात घाट नाही. पायवाट ताई, ईसीजी आणि फेरिटिन या शनिवारी करते. जेवणाचं तुम्ही म्हणालात ते खरं असावं. सकाळी शाळेच्या गडबडीत चहा-बिस्किटावर निघते, ते बदलायला हवं. निघायच्या आधी घरी पोहे किंवा उकडलेली रताळी होतीलच.

साताऱ्यातलं कोणी मंगळवारी पहाटे घाटात येणार असेल तर इथे लिहा. पावणेसहाला समर्थ मंदिरापाशी असते.

प्रतिसाद: घाटमाथा (कराड)

दिवाळीनंतर एखाद्या मंगळवारी नक्की येतो. सध्या कासच्या फुलांचा हंगाम आहे, शनिवार-रविवार घाटात गाड्यांची रांग असते, मंगळवारीही सातच्या आत खाली उतरा. सायकलला मागे लाल दिवा आहे ना?

धागाकर्ती

आहे, आणि पळताना चमकणारं जॅकेटही घालते. या नक्की.