दुभंगलेला ओठ आणि टाळू: आधी प्लेट लावावी की थेट ऑपरेशन? सल्ला हवा

उंबरठा:
नमस्कार मंडळी. आमचं बाळ दोन आठवड्यांचं आहे. डाव्या बाजूचा ओठ, हिरडी आणि टाळू, तिन्ही दुभंगलेले. फट चांगलीच रुंद आहे आणि डावी नाकपुडी पार चपटी होऊन आडवी पसरलीय. आत्तापर्यंत दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणतात, आधी टाळूला प्लेट बसवू, नंतर तिलाच नाकाचा आधार जोडू, फट कमी झाली की ओठाचं ऑपरेशन. दुसरे म्हणतात, प्लेटच्या भानगडीत पडू नका, ओठावर नुसती टेप लावा, तीन-चार महिन्यांचं झालं की थेट ऑपरेशन. दोघंही अनुभवी, दोघांचंही बोलणं पटतं, पंचाईत तिथंच आहे.

प्लेटनं खरंच फरक पडतो का? एवढ्याशा तोंडात ती दिवसरात्र राहते कशी? आणि प्लेट बसली की बाळ अंगावर पिऊ लागेल असं एका नातेवाइकांचं म्हणणं आहे, त्यात तथ्य आहे का? सध्या काढलेलं दूध साध्या बाटलीनं देतोय. एका वेळेला तासभर जातो आणि बरंचसं नाकातून बाहेर येतं.

मृदगंध:
दादा, आधी अभिनंदन! या गडबडीत ते म्हणायचं सगळे विसरतात.

मी तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आज रात्री कामाचा तोच आहे. एका फीडला तासभर लागतोय म्हणजे बाळ जेवढं पितंय तेवढं पिण्यातच खर्च करतंय. अर्ध्या तासाच्या आत आटपायला हवं. टाळू उघडा असला की तोंडात ओढ तयारच होत नाही. बाळ जोरजोरात चोखताना दिसतं, पण बाटलीतलं दूध तिथंच. त्यामुळे साधी बाटली बंद करा. एकमार्गी झडप असलेली बाटली येते, तीत बाळानं नुसतं चावलं तरी दूध येतं. हेबरमन फीडर किंवा डॉक्टर ब्राउनची झडपवाली बाटली विचारा. नाहीतर हातानं दाबता येईल अशी मऊ बाटली घ्या आणि बाळाच्या गिळण्याच्या लयीत हलकेच दाबा. सतत दाबून धरू नका, ठसका लागतो. बाळाला जवळजवळ बसतं धरा, निपल धडधाकट बाजूच्या हिरडीवर ठेवा, आणि मध्येमध्ये थांबून ढेकर काढा, कारण ही बाळं हवा फार गिळतात. नाकातून थोडं दूध येणारच, त्याला घाबरू नका. वजन मात्र दर आठवड्याला झालंच पाहिजे.

प्लेट लावून माझी लेक अंगावर प्यायला लागली नाही. बाटलीनं पिताना निपलला टेकायला जागा मिळाली, एवढंच.

दाढेखाली:
मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबड्याची ठेवण सुधारणारा डॉक्टर आहे. या बाळांसोबत काम करतो, म्हणजे मी प्लेटवाल्या पार्टीतला. ते लक्षात घेऊनच वाचा.

तुम्हाला सुचवलेल्या प्रकाराला आम्ही नॅम म्हणतो, नेझोअल्व्हिओलर मोल्डिंग. तान्ह्या बाळाला प्लेट बसवून जबड्याचे तुकडे जवळ आणायची कल्पना दंतवैद्य मॅकनील यांनी 1950 च्या दशकात मांडली. त्यात नाकाचा विचार नव्हता. नवजात बाळाच्या नाक-कानातली कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) आईकडून आलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे पहिले काही आठवडे जास्तच मऊ असते, त्या काळात तिला वळण देता येतं, हे जपानमध्ये मात्सुओ यांनी आधी कानावर आणि मग नाकावर दाखवलं. न्यूयॉर्कच्या ग्रेसन यांनी 1993 मध्ये प्लेट आणि नाकाचा आधार एकत्र आणले. कूर्चा अशी मऊ पहिले काही आठवडेच असते, म्हणून आमची घाई असते. पहिल्या महिन्याच्या आत सुरुवात झाली तर उत्तम, उशीर होत जाईल तसं नाक ऐकेनासं होतं.

काम असं चालतं. बाळाच्या वरच्या जबड्याचं माप घेऊन ॲक्रिलिकची प्लेट बनते. दर आठवड्याला, फार तर एखाद्या वेळी दोन आठवड्यांनी, आम्ही एका बाजूनं ती थोडी घासतो आणि दुसऱ्या बाजूला मऊ थर चढवतो. एका वेळी जेमतेम एक मिलिमीटर. बाहेरून टेप ओठाच्या दोन्ही कडा ओढून धरते. हिरडीतली फट 5 मिलिमीटरच्या आसपास आली की प्लेटला तारेचा बाक जोडतो, त्याच्या टोकाची मऊ गुंडी नाकपुडी आतून उचलते. हे घाईनं आधीच जोडलं तर नाकपुडी वर उचलली जाण्याऐवजी ताणून मोठी होते.

दिवसरात्र घालायची, फक्त धुवायला काढायची. प्लेटच्या मधोमध एक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं आहे. प्लेट सुटून जिभेवर पडली तरी श्वास चालू राहावा म्हणून. ते कुणी बुजवून आणलं तर घेऊ नका.

फट अरुंद असेल, किंवा फक्त ओठ किंवा फक्त टाळू दुभंगलेला असेल तर मी स्वतः नॅम सुचवत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचं बाळ त्यात बसत नाही.

तर्कट:
दुसरी बाजूही येऊ द्या. नेदरलँड्समध्ये 1990 च्या दशकात डचक्लेफ्ट नावाची चाचणी झाली. एका बाजूचा ओठ-टाळू दुभंगलेली 54 बाळं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना नाही. दूध पिणं, वजन, जबड्याचा आकार, कशातच टिकणारा फायदा दिसला नाही. तरी ‘प्लेट लावली नाही तर बाळाचं नुकसान’ असं बिनधास्त सांगितलं जातं. आईबाप आधीच खचलेले असतात, त्यांना असं सांगणं मला पटत नाही.

दाढेखाली:
चाचणी खरी आहे आणि दुधाबाबत तिचा निकाल मान्य. पण त्या प्लेटा निष्क्रिय, म्हणजे जबड्याचे तुकडे जोर लावून न सरकवणाऱ्या होत्या, नाकाचा आधार त्यांना नव्हता. नॅमचा मुख्य दावा नाकाच्या आकाराचा आणि ऑपरेशनच्या वेळी टाके कमी ताणात बसण्याचा आहे. तो फायदा मूल मोठं झाल्यावर किती उरतो यावर आमच्यातही वाद आहेत. प्लेटशिवाय उत्तम नाक करणारे सर्जन आहेत, हेही खरं.

म्हणून उंबरठा, ‘प्लेट की ऑपरेशन’ असं न विचारता ‘ऑपरेशन कोण करणार’ हे आधी ठरवा. जो सर्जन प्लेटशिवाय काम करत आलाय त्याच्याकडे प्लेट लावून गेल्यानं काही साधत नाही, आणि उलटही तेच. दोघांनाही त्यांच्या पाच-सहा वर्षांच्या झालेल्या पेशंटचे फोटो मागा. टाके काढल्या दिवसाचे फोटो सगळ्यांचेच छान असतात.

मृदगंध:
+१. आणि डॉक्टर जे सांगत नाहीत ते मी सांगते: प्लेट सांभाळण्यापेक्षा टेप सांभाळणं अवघड.

टेप थेट गालावर चिकटवलीत तर आठवड्यात गाल सोलवटून निघेल. आधी दोन्ही गालांवर हायड्रोकोलॉइडचा, म्हणजे त्वचा जपणाऱ्या मऊ पट्टीचा, पातळ तुकडा लावायचा (आम्ही ड्युओडर्म वापरायचो), तो काही दिवस तसाच राहू द्यायचा आणि रोजची टेप त्याच्यावर. काढताना कोमट पाण्यात भिजवलेला कापूस कडेवर दाबून धरा, सुटेल तशी काढा, खेचू नका. प्लेटला पुढे तोंडाबाहेर येणारा छोटा दांडा असतो, त्याला अडकवून टेपनं गालावर धरायचे छोटे रबर बँड साधारण दुप्पट ताणले जातील इतपतच ओढायचे. सैल राहिले की प्लेट पडते, जास्त ताणले की हिरडीला जखम.

प्लेट उकळू नका, ॲक्रिलिक वाकतं. मऊ ब्रश आणि थंड पाणी पुरतं. रोज प्लेट काढली की टॉर्चनं हिरड्या बघा. लाल व्रण दिसला तर प्लेट तिथं घासून घ्यावी लागते, फोन करा. पुसून न जाणारे पांढरे चट्टे असतील तर बुरशी असू शकते, तेव्हाही फोन. सुरुवातीला लाळ, रडणं, जिभेनं प्लेट ढकलणं सगळं होईल. मग एक दिवस प्लेट काढल्यावरच रडेल!

पाणपोई:
धाग्यात घुसतेय, माफ करा. माझ्या भाचीचा फक्त टाळू दुभंगलेला आहे, ओठ ठीक. हनुवटी अगदी आत आणि उताणं झोपवलं की घरघरते. तिलाही हीच प्लेट चालेल का?

दाढेखाली:
नाही, आणि तुम्ही आधी आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. लहान जबडा, मागे पडणारी जीभ आणि फाटलेला टाळू हे एकत्र असेल तर पिअर रॉबिन नावाचा जन्मजात दोष असू शकतो. तिथं प्रश्न श्वासाचा आहे. त्यासाठी मागे घशाकडे जीभ थोपवणारा लांब दांडा असलेली ट्यूबिंगेन प्लेट असते, पण ती हॉस्पिटलात ठेवून, श्वास तपासूनच बसवतात. तोवर उताणं झोपवू नका, पालथं ठेवायचं तर डॉक्टरांना विचारून आणि नजरेखाली.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. झडपवाली बाटली मिळाली, कालपासून पंचवीस मिनिटांत फीड होतंय. दर आठवड्याला नेणं मात्र अवघड दिसतंय. बायकोची तब्येत अजून सावरलेली नाही आणि मला रजा नाही. दोन-तीन आठवड्यांनी एकदा नेलं तर चालेल का?

दाढेखाली:
नाही चालणार. बाळ भराभर वाढतं, आठवड्यापूर्वीची प्लेट हिरडीला अडवू लागते. अर्धवट नॅमपेक्षा नीट लावलेली टेप बरी. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सुचवलंय, त्यात कमीपणा काही नाही. दर आठवड्याला नेणारं आणखी कुणी घरात असेल तरच प्लेटचं बघा.

उंबरठा:
माझी बहीण न्यायला तयार आहे. सर्जनही ठरले, ते प्लेटवाल्यांच्याच टीममधले आहेत. सोमवारी माप घ्यायला बोलावलंय. भूल देणार का?

दाढेखाली:
नाही, भूल देत नाहीत. बाळ जागंच हवं. डोकं खाली करून धरतात, म्हणजे मापाचं मटेरियल घशात जात नाही. बाळ जोरात रडेल आणि आम्हाला ते हवंच असतं, रडतंय म्हणजे श्वास मोकळा आहे. हे हॉस्पिटलात, ऑक्सिजन आणि सक्शन (घशातलं ओढून काढणारं यंत्र) जवळ ठेवूनच करायचं. काही ठिकाणी तोंडात स्कॅनर फिरवून माप घेतात, तुमच्याकडे ती सोय असेल तर विचारा. आधी दूध पाजून नेऊ नका, पोट रिकामं लागतं. किती वेळ आधी बंद करायचं ते त्यांनाच फोन करून विचारा, आणि माप झाल्यावर द्यायला बाटली भरून सोबत ठेवा.