स्ट्रॉबेरीचे रनर आत्ता तोडावेत की पावसाळ्यानंतर?

प्रश्न : इंदिरानगरची गच्ची

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी रोपवाटिकेतून ‘विंटर डॉन’ जातीची सहा रोपे आणून गच्चीवर कुंड्यांत लावली. डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत थोडी का होईना, पण रोज दोन-चार फळे मिळत राहिली. एप्रिलच्या उन्हात दोन रोपे गेली आणि उरलेली चार मी पन्नास टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली हलवली. मेच्या मध्यापासून त्या चारही रोपांना लांब दोऱ्यांसारखे रनर फुटले असून ते कठड्यावरून खाली लोंबत आहेत. काही रनरच्या पेरांवर तीन-तीन पानांचे लहान रोप दिसते आणि त्याच्या बुडाशी पांढरट गाठीही आल्या आहेत. हे रनर आत्ताच तोडून वेगळे लावावेत काय? एकाच दोरीवर ओळीने आलेली सगळी पिल्ले उपयोगी असतात काय? शेजारच्या काकांचे म्हणणे असे की रनर आईचा जीव खातात, म्हणून ते दिसताक्षणी छाटून टाकावेत. शिवाय या रोपांची नवी पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्याच आहेत. पाणी बोअरवेलचे आहे. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला असल्याने लवकर मार्गदर्शन मिळाल्यास बरे होईल.

उत्तर : मखमलाबादची परसबाग

आत्ता तोडू नका. ती दोरी म्हणजे पिल्लाची नाळ आहे, आणि त्याची स्वतःची मुळे मातीत उतरेपर्यंत पाणी व अन्न तिच्यातूनच येते. आपण म्हणता त्या पांढरट गाठी म्हणजे मुळांचे कोंब असून ओली माती लागेपर्यंत ते तसेच थांबतात. उन्हात लोंबत राहिले, तर वाळतातही.

चार इंची कुंडी किंवा बुडाला भोके पाडलेली दुधाची पिशवी घ्या. तीत कोकोपीट, गांडूळखत आणि चाळलेली माती साधारण समभाग भरून चांगली भिजवा, ती आईच्या कुंडीशेजारी ठेवा आणि पिल्लू मिश्रणावर नुसते टेकवून यू आकारात वाकवलेल्या तारेने दोरी दाबून धरा. या सगळ्यात एकच गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे : पाने जिथून फुटतात तो मधला गाभा मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर कुजतो आणि फार वर राहिला तर मुळे सुकतात. मिश्रण सतत ओलसर ठेवल्यास दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. पिल्लू हलकेच ओढून पाहावे आणि ते सहज उचलले गेले नाही तरीही आणखी दोन आठवडे थांबून मगच दोरी कापावी.

दोरीचे पहिले पेर बहुधा रिकामे असते, दुसऱ्यावर पहिले पिल्लू येते आणि पुढे एक पेर सोडून पुढचे. आईजवळची पहिली दोन पिल्ले सर्वांत दणकट निघतात, म्हणून त्यांच्यापुढची दोरी खुडून टाका. तगडे रोप असले तरी कुंडीतल्या एका आईवर चारांहून अधिक पिल्ले पोसू नयेत, आणि एखादे चुकार फूल आले तर तेही काढावे.

काकांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त त्याचा हंगाम वेगळा आहे. डिसेंबरमध्ये आपल्याला फळे हवी असतात, तेव्हा रनर दिसला की खुडावाच. ही जात दिवस लहान आणि हवा थंड असताना कळ्या धरते, तर मोठ्या दिवसांत व उष्म्यात दोऱ्या सोडते. नाशिकला जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे रोपे तयार करण्याचा काळ हाच आहे.

उत्तर : गंगापूर रोडवरून

वरील पद्धत योग्य आहे, पण माझ्या मते रनर रुजवणे हे यातले सोपे काम असून ती रोपे जुलै-ऑगस्टमधून पार नेणे हे खरे काम आहे. मागे एकदा मी बावीस पिल्ले रुजवली आणि ऐन पावसात प्रेमाने प्रत्येकाला मूठभर शेणखत घातले. ते खत गाभ्यावर चढले आणि सप्टेंबरपर्यंत पाचच रोपे उरली. म्हणून सततचा पाऊस लागला की पिशव्या पत्र्याच्या कडेला, उजेड भरपूर पण धार अंगावर नाही अशा जागी विटांवर ठेवाव्यात आणि खाली ताटली ठेवू नये. दोरीवर किंवा देठावर खोलगट काळे डाग दिसले, तर तो करपा समजून त्या आईची पिल्ले घेऊच नयेत, कारण रोग रोपाबरोबर नव्या कुंडीत जातो. कायमच्या कुंडीत लावणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात करावी.

इंदिरानगरची गच्ची

दोघांचेही आभार. पिवळ्या पानांविषयी आणि जुन्या आईविषयी कृपया सांगावे. तिला पुन्हा फळे येतील काय?

उत्तर : मखमलाबादची परसबाग

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. लोह मातीत असतेही, पण बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते घेता येत नाही, आणि स्ट्रॉबेरीला तर साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्ल-अल्कता) मानवतो. आपली काळी माती मुळातच त्याच्या वर असते. पावसाचे पाणी पिंपात धरून तेच घाला आणि तोवर चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) सौम्य फवारणी संध्याकाळी करा.

आई दुसऱ्या वर्षी फळते, परंतु फळ लहान होत जाते. पिल्ले हाती आली की तिला निरोप द्यावा.

उत्तर : पंचवटीहून

एक भर घालतो. रनरमधून आलेले रोप हुबेहूब आईसारखे असते, बियांपासून केलेले तसे निघत नाही, हे खरे. पण त्याच न्यायाने आईच्या अंगातले विषाणूही पिल्लात उतरतात, आणि घरच्या घरी तीन-चार पिढ्या चालवलेली रोपे हळूहळू खुजी व आखडलेल्या पानांची होतात. महाबळेश्वर-पाचगणीकडचे शेतकरी परदेशातून मातृरोपे आणवून त्यांच्या रनरवर लागवड करतात, त्यामागे हेही एक कारण आहे. आपण दोन वर्षांआड चार रोपे नवी आणावीत आणि ती जुन्यांपासून दूर ठेवावीत.

इंदिरानगरची गच्ची

काल चार आयांची मिळून अकरा पिल्ले तारेने टेकवली आणि पुढच्या दोऱ्या खुडल्या. एका आईच्या देठावर काळा डाग सापडला, ती कुंडी बाजूला काढली आहे.