लातूरहून दोन दिवस, पाच माणसं, सहा हजार : धबधबा बघायचाय, कुठं जावं?

औसा_रोड (लातूर)

नमस्कार मंडळी. घरात आम्ही दोघं, पोरगी सहावीत, पोरगा दुसरीत आणि आई. आईचं वय शहात्तर, गुडघे कुरकुर करतात पण हौस आमच्याहून जास्त. गणपती उठले की एक शनिवार-रविवार कुठंतरी हिरव्यात काढावा म्हणतोय. बजेट सहा हजार. प्रवास, राहणं, खाणं, पोरांचे हट्ट, सगळं त्यातच.

ऑफिसातले महाबळेश्वर म्हणायलेत. तिकडं जाण्यायेण्यातच सगळा वेळ जातो आणि खोलीचे भाव ऐकून इथंच थंडी वाजते. आपली गाडी म्हणजे मोटरसायकल. भाड्याची कार विचारली, तर दोन दिवसांचा आकडा ऐकून आईच म्हणाली, राहू दे बाबा.

पोरांची मागणी एकच, धबधबा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं त्या गावची पोरं ही. खळाळतं पाणी त्यांना एकदा दाखवायचंच आहे. आपल्या मराठवाड्यातच सुचवा, जमलं तर एसटीनं होणारं.

वेरूळवाला (छत्रपती संभाजीनगर)

म्हैसमाळ. पावसाळ्यात ढग अंगावर येतात, वर गिरिजामातेचं मंदिर आहे. येता-जाता खुलताबाद आणि वेरूळ होतं. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तुमचा शनिवार-रविवार असल्यानं अडचण नाही.

गोदाकाठ (नांदेड)

धबधबा म्हणाल तर सहस्रकुंड, दुसरं नावच नाही. पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळते. एक थडी आमच्या नांदेड जिल्ह्यात, दुसरी यवतमाळात. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. जोडून माहूरची रेणुकामाता आणि उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. मात्र वरून इसापूर धरणाचं पाणी सोडलं असेल तर लांबूनच हात जोडायचे. कातळावर उतरून सेल्फी काढायला गेलेल्यांचं पुढं काय होतं ते दर पावसाळ्यात पेपरात येतं.

निवृत्त_वाहक (धाराशिव)

भाऊ, वरच्या दोन्ही जागा चांगल्याच आहेत, पण लातूरहून पाच माणसं घेऊन दोन दिवसांत गेलात तर अर्धा वेळ खिडकीतूनच मराठवाडा बघाल. माझी नोकरी तुळजापूर-उमरगा-लातूर या पट्ट्यात गेली. मी सांगतो तसं करून बघा.

आधी तिकिटाचं. आई पंच्याहत्तरच्या पुढच्या, त्यांना एसटी फुकट. वहिनींना २०२३ पासून अर्धं तिकीट. पोरं बाराच्या आतली, त्यांचंही अर्धं. म्हणजे तुमच्या घरात पूर्ण तिकिटाचा मानकरी एकटे तुम्ही. आईचं आधार कार्ड मात्र पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. कंडक्टर पुढ्यात उभा आणि म्हातारी बाई अख्खी बॅग उपसतेय, हे बघून बघून माझे डोळे थकलेत.

आता राहण्याचं. आपल्याकडं रिसॉर्ट शोधत बसू नका. मराठवाड्यात स्वस्त आणि बरी खोली मिळते ती देवाच्या गावात. म्हणून मुक्काम तुळजापूरला. संस्थानचं भक्तनिवास आहे, शिवाय गावात साधे लॉज रग्गड. देवदर्शन होतं, पण माझा मुद्दा देवाचा नाही, खोलीचा आहे. तिथून दोन बाजूंना दोन धबधबे आहेत आणि दोन्हीकडं एसटी जाते.

शनिवारी पहाटे लातूर सोडा, औशावरून तुळजापूर. सामान खोलीवर टाका, दर्शन उरका आणि नळदुर्गची गाडी धरा. तीस-पस्तीस किलोमीटर. नळदुर्गचा किल्ला बघून कुणी निराश झालेलं मला तरी माहीत नाही. बोरी नदी किल्ल्यातच अडवलीय. बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल काढला. पाणीमहाल म्हणतात त्याला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचं काम, १६१३ सालचं. नदीला पाणी असलं की बंधाऱ्यावरून दोन धारा पडतात, एक नर, एक मादी. तुम्ही आत महालात उभे आणि समोर खिडकीबाहेर पाण्याचा पडदा. अंगावर थेंब नाही, आवाज मात्र असा की शेजारच्याशी बोलता येत नाही. महाबळेश्वरला धबधब्याकडं बाहेरूनच बघावं लागतं. उपळ्या बुरुजावर लांबलचक तोफा आहेत, पोरगा तिथून हलणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते कुणी सांगत नाही. नर-मादी रोज वाहत नाहीत. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून सांडलं तरच वाहतात. लोक जूनमध्ये पहिला पाऊस पडला की धावतात, कोरडी भिंत बघतात आणि येऊन शिव्या देतात. आपल्याकडं जून-जुलैचा पाऊस जमिनीतच मुरतो. धरणं भरतात ती परतीच्या पावसानं, सप्टेंबर-ऑक्टोबरात. कुठल्या वर्षी तेव्हाही भरत नाहीत, तो भाग वेगळा. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पेपरात धरण भरल्याची बातमी बघा, नाहीतर नळदुर्गच्या ओळखीच्या माणसाला फोन लावा. पाणी नसेल तरी किल्ला बघण्यासारखा आहेच, पण पोरांना धबधबा कबूल करून नेऊ नका.

रविवारी परत त्याच रस्त्यानं लातूरला येऊ नका. सोलापूरहून बीडकडं जाणाऱ्या गाड्या तुळजापूर, धाराशिव, येडशी अशा एकाच हायवेनं जातात. येडशीला उतरायचं. लांब पल्ल्याच्या काही गाड्या गावात शिरत नाहीत, चढतानाच विचारून घ्या. येडशीपासून दोन-तीन किलोमीटरवर रामलिंग. अभयारण्य आहे ते. दरीत महादेवाचं जुनं मंदिर, वरून पडणारं पाणी, सगळीकडं झाडी. रावणाशी लढून जखमी झालेल्या जटायूला पाणी पाजायला रामानं इथं बाण मारला अशी कथा आहे. तिथली वानरं मात्र रामाची भक्त राहिली नाहीत. पिशवीत केळी असली तर पिशवीसकट जातील.

दुपारी येडशीहून ढोकी-मुरूड मार्गे लातूर. दिवेलागणीला घरी.

गल्लीबोळातलं खाणं सोडू नका. सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला, दुपारी भाकरी आणि येसरची आमटी. शनिवारची शिदोरी म्हणून घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन दिवस टिकतात. पोरांना मॅगी हवीच असेल तर ती किल्ल्याच्या दारात नाही, गावात घ्या.

औसा_रोड (लातूर)

वाहक काका, तुम्ही तर वेळापत्रकच काढून दिलं! पूर्ण तिकिटाचा मानकरी वाचून बायको हसून हसून लोळायलीय. तीन शंका. आईला पाणीमहालात उतरता येईल का? तुळजापूरला शनिवारी-रविवारी गर्दी नसते का? आणि गणपतीनंतर पितृपक्ष लागतो, आई म्हणते पक्षात कुठं फिरायला जातात का.

योगेश्वरी_नगरी (अंबाजोगाई)

काका, लातूरच्या माणसाला अंबाजोगाई सोडून सगळं सांगितलंत. तास-दीड तासाचा रस्ता. योगेश्वरीचं दर्शन, हत्तीखान्याची लेणी, मुकुंदराजांच्या समाधीची दरी, बुट्टेनाथाची झाडी. पावसाळ्यात हा सगळा बालाघाट हिरवागार असतो. मुक्कामाची गरज नाही, सहा हजारातले चार परत घरी येतील.

बालाघाटी (बीड)

अंबाजोगाईपर्यंत आलातच तर आणखी थोडं पुढं या. मांजरसुंब्याजवळ कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारीच धबधबा. पाटोद्याकडं सौताडा आहे, रामेश्वराच्या दरीत विंचरणा नदी उडी घेते. ऑक्टोबरात आलात तर रस्त्याकडेला सीताफळांचे ढीग. सौताड्याला मात्र खाली उतरायच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंना वरूनच दाखवा.

निवृत्त_वाहक (धाराशिव)

अंबाजोगाईकर, रागावू नका. तुमचं गाव एका दिवसाचं आहे हे तुम्हीच लिहिलंत. भाऊंना दोन दिवस घराबाहेर झोपायचंय, वहिनींना दोन दिवस चूल नकोय. हे त्यांनी लिहिलं नसलं तरी मला कळतं. अंबाजोगाई हिवाळ्यात एखाद्या रविवारी करा. कपिलधार चांगलंच आहे, फक्त लातूरहून पल्ला लांब पडतो आणि पाच माणसांचा तिथला मुक्काम मी तरी सांगणार नाही.

आता शंका. पाणीमहालाच्या पायऱ्या अरुंद आणि उंच, पाणी असलं की निसरड्या. आईंना वरच बसवा. बंधाऱ्यावरून धारा दिसतात आणि बसायला मोकळी जागा आहे. तुम्ही दोघं आळीपाळीनं पोरांना घेऊन उतरा. रामलिंगलाही खाली उतरायचं आहे, पण तिथं सावकाश कठडा धरत जाता येतं. नाहीच जमलं तर आई येडशीत चहा घेतील. किल्ल्याला तिकीट आहे, सुटे ठेवा.

गर्दी. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे भरगच्च दिवस. म्हणूनच दर्शन शनिवारी सांगितलं. रविवारी उजाडताच गाव सोडायचं.

पितृपक्षाचं म्हणाल तर मी मुद्दाम तोच काढणार होतो. पक्षात लग्न नाही, वास्तू नाही, लोक बाहेर पडत नाहीत, खोलीवाला भाव खाली आणतो. पाऊसही तेव्हाच जोर धरतो. त्यानंतर लगेच नवरात्र, मग तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते आणि भाव विचारायची सोय नसते. आईंना एवढंच सांगा की भाद्रपद वद्य अष्टमीला देवी मंचकी निद्रेला जाते, ती घटस्थापनेपर्यंत पलंगावर असते. त्यांना सिंहासनावरची मूर्ती बघायची असेल तर अष्टमीच्या आतला शनिवार धरा. तिथीला श्राद्ध असेल तर ते आधी बघा, हे काही मी सांगायला नको.

आणखी एक, आईंना बरं वाटेल म्हणून. नळदुर्गजवळ अणदूरचा खंडोबा आहे. हा देव वर्षातले बहुतेक महिने अणदूरला राहतो आणि उरलेले थोडे नळदुर्गच्या मैलारपुरात. आपल्यासारखाच, बदली झाली की बिऱ्हाड हलवणारा. सध्या कुठल्या गावी आहे ते स्टँडवर विचारलं की कुणीही सांगेल.

औसा_रोड (लातूर)

ठरलं काका. अष्टमीच्या आतलाच शनिवार. आई आत्तापासून बॅग भरायलीय. तुळजापूरला खोली आधी फोनवर धरावी की जाऊन बघावी?

निवृत्त_वाहक (धाराशिव)

भक्तनिवासाला आधी विचारून ठेवा. नाही मिळालं तर जाऊन बघा, पण खोली घ्यायला तुम्ही जाऊ नका, आईंना पुढं करा. आणि पाणी तापवायची सोय आहे का ते पैसे द्यायच्या आधी विचारा.