उंच पोरगं पास देतंय, सर ओरडतात. बास्केटबॉलात सेंटरनं (रिंगखाली खेळणारा उंच गडी) पास द्यायचा की नाही?

खानापूरचा_मामा
नमस्कार मंडळी. भाचा यंदा एसएसएलसीला आहे, उंची सहा फूट तीन. आमच्याकडं एवढं उंच पोरगं दिसलं की लोक आधी व्हॉलीबॉल म्हणतात, मग पोलीस भरती. ह्याला बास्केटबॉलचा नाद. शाळेचे सर त्याला रिंगखाली खो-खोच्या खांबासारखं उभं करतात. बॉल आला की वर टाक, बाकी डोकं चालवू नको म्हणतात. ह्याला मात्र पास द्यायची खोड. दिवसभर मोबाइलवर निकोला योकिच बघालाय, अमेरिकेच्या एनबीए लीगमधला सर्बियाचा सेंटर, पाससाठी नावाजलेला. परवा तालुक्याच्या मॅचला ह्याचे दोन पास बाहेर गेले आणि सरांनी बसवलं. सर म्हणतात, योकिच एकच असतो, त्याचं बघून कोण शिकत नाही. खरंच तो एकटाच की सर्बियात आधीही असे सेंटर होते? पोराला काय सांगू?

टिळकवाडी_सेंटर
मामा, योकिच १९९५ साली सोंबोरला जन्मला तेव्हा सर्बियाचाच सेंटर व्लादे दिवात्स एनबीएतल्या लॉस एंजेलिस लेकर्स संघाकडून हेच करालता. मी कॉलेजात सेंटर खेळायचो. बाकीच्यांच्या खोलीत जॉर्डनचं पोस्टर, माझा गडी दिवात्स.

जन्म १९६८ चा, गाव प्रिएपोल्ये. सर्बियाच्या नैऋत्य टोकाला, बोस्निया आणि माँटेनिग्रोची हद्द जवळच. (अशी गावं आपल्याला नवी नाहीत.) पोरवयातच क्राल्येवोच्या स्लोगा क्लबात गेला, १९८६ ला बेलग्रेडच्या पार्टिझानमध्ये.

त्याच वर्षीची एक मॅच सरांना नक्की सांगा, ती त्यांच्याच बाजूची आहे. माद्रिद, वर्ल्ड चँपियनशिपची सेमीफायनल, युगोस्लाव्हिया (सर्बिया, क्रोएशिया तेव्हा ह्याच देशात) विरुद्ध सोव्हिएत संघ. मिनिटभरसुद्धा उरलेलं नाही आणि युगोस्लाव्हिया ९ पॉइंटांनी पुढं. सोव्हिएतवाल्यांनी एक थ्री (लांबनं मारलेला तीन पॉइंटांचा शॉट) मारला, दुसरा मारला. आता बॉल युगोस्लाव्हियाकडं, नुसता धरून बसायचं. तो आला अठरा वर्षांच्या दिवात्सच्या हातात आणि ह्यानं डबल ड्रिबल केला, म्हणजे बॉल आपटायचा थांबवून परत आपटला, ते नियमात बसत नाही! बॉल गेला, तिसरा थ्री पडला, मॅच जादा वेळेत गेली आणि ९१-९० नं हरले. भाच्याचे दोन बॉल तालुक्यात बाहेर गेले, ह्याचा एक सगळ्या जगासमोर गेला. तरी त्यानंतर त्याला कुणी रिंगखाली बांधून घातलं नाही. तीन वर्षांत लेकर्सनं ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथं) २६ व्या नंबरवर घेतला. त्यांचा जुना सेंटर करीम अब्दुल-जब्बार नुकताच निवृत्त झालेला, बॉल मॅजिक जॉन्सनच्या हातात. अशा ठिकाणी हा जाऊन उभा राहिला.

आता खेळाचं. बॉल घ्यायची त्याची लाडकी जागा रिंगसमोरच्या फ्री थ्रो लाइनच्या टोकाला. पाठ रिंगकडं, बॉल दोन्ही हातांत, डोक्याच्या वर. सहा फूट तीनच्या पोरानं तसा बॉल धरला तर शाळेच्या मॅचमध्ये कोण पोचणार? अंगावरच्या डिफेंडरला बाहेर यावंच लागतं, नाहीतर हा तिथनंच शॉट मारतो. तो बाहेर आला की रिंगखाली मोकळं रान. मग कोपऱ्यातला गार्ड बॉल घ्यायला आल्यासारखं करतो, दोन पावलं येतो, पाय रोवतो आणि फिरून आत घुसतो. सेंटर बघतो भलतीकडं आणि त्याच्या पुढ्यात एक टप्पा टाकून बॉल सोडतो. संपलं. १९९९ पासून सॅक्रामेंटो संघात कोच रिक ॲडलमननं ह्याला आणि दुसरा उंच गडी क्रिस वेबर ह्याला घेऊन असाच खेळ बसवला आणि २००१-०२ मध्ये ६१ मॅच जिंकल्या.

मी तुमची मॅच बघितली नाही, पण भाच्यानं पास रिंगखालच्या गर्दीतनं दिले असणार. पास देऊ दे, पण जागा बदला. पावसात तुमच्याकडं कोर्टावर शेवाळ धरतं, तेव्हा व्हरांड्यातल्या भिंतीवर खडूनं चौकोन काढायचा आणि डोक्यावरनं, मग टप्प्यानं, मारत राहायचं. ड्रिबलचं मात्र सरांचं ऐका.

खडेबाजार_०८
मधलं १९९६ गाळलंत. लेकर्सनं ह्याला शार्लट संघाला देऊन कोण घेतला? कोबी ब्रायंट, सतरा वर्षांचं पोरगं! दिवात्स आधी म्हणाला, खेळ सोडतो पण जात नाही. शेवटी गेला.
आणि फाऊल मिळवायला मुद्दाम पडण्याचं कोण सांगणार ओ? लेकर्सचा धिप्पाड सेंटर शकील ओनील, त्याचा वारा लागला की गडी आडवा. भाच्याला ते शिकवू नका, आपले रेफ्री ढुंकून बघत नाहीत. २००२ च्या प्लेऑफमधली लेकर्सविरुद्धची चौथी मॅचही सांगा की. सॅक्रामेंटो २ नं पुढं, वेळ संपालाय, ह्यानं रिंगखालनं बॉल लांब ढकलला तो थेट लेकर्सच्या रॉबर्ट हॉरीच्या हातात. थ्री. १००-९९.

टिळकवाडी_सेंटर
ढकलायलाच पाहिजे होता! कोबीचा शॉट चुकला, ओनीलचा चुकला, तिसरा चुकेपर्यंत बॉल खाली ठेवायचा काय? लांब मारला ते बरोबर केलं, हॉरी तिथं उभा होता हे नशीब. पडण्याबद्दल मी गप्प.
आकडे पाहिजेत तर १,१३४ मॅच आणि ३,५०० च्या वर असिस्ट (ज्या पासवर दुसऱ्यानं बास्केट केला ते पास), सेंटर असून. २०१९ ला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

निपाणी_नाना
द्राजेन पेत्रोविचचं राहिलं. दिवात्सचा जिवाभावाचा दोस्त, क्रोएशियाचा. १९९० ला ब्युनोस आयर्सला दोघं एकाच संघातनं वर्ल्ड चँपियन झाले. तेव्हा एक जण क्रोएशियाचा झेंडा घेऊन कोर्टात घुसला आणि दिवात्सनं तो हिसकावून घेतला. त्याचं म्हणणं, विजय युगोस्लाव्हियाचा आहे. पण क्रोएशियात तो कायमचा वाईट ठरला. पुढं युद्ध पेटलं, पेत्रोविचनं बोलणं टाकलं आणि १९९३ ला तो जर्मनीत मोटार अपघातात गेला, वय २८. मिटवायचं राहूनच गेलं. दिवात्सची सगळी मेडलं एकीकडं आणि हे एकीकडं, असं मला वाटतं.

अनगोळकर
झेंड्याचं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको नाना. पण त्यावरनं इथं दुसरा धागा पेटवू नका, पोराच्या पासचं चाललंय.

खानापूरचा_मामा
सरांना सगळं वाचून दाखवलं. माद्रिदच्या मॅचला म्हणाले, "बघा, मी काय सांगत होतो!" पण शनिवारी फ्री थ्रो लाइनवर उभा करतो म्हणालेत. ड्रिबल केला तर परत खाली.
आता दुसरं. पोराला १२ नंबरचे बूट लागतात, जुन्यातनं अंगठा बाहेर आलाय. बेळगावात मिळतील काय?

टिळकवाडी_सेंटर
दुकानात ११ च्या पुढं सहसा ठेवत नाहीत. कॅम्पात विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा आणि १३ च घ्या. पोरगं अजून वाढतंय, जाड मोजे घालू दे. घोट्यापर्यंतचे घ्या, रनिंगचे नकोत.