तिसऱ्या उकळल्या तरी विष जात नाही

एका ताईंनी लिहिलंय की तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, खळखळून उकळल्या, आमसूल घातलं की धोका संपला. जंतूंपुरतं ठीक आहे, पण सॅक्सिटॉक्सिनसारखं विष उकळून जात नाही, आमसुलानंही नाही. ते शिंपल्यांचं स्वतःचं नव्हे. समुद्रातल्या काही सूक्ष्म शेवाळांतून येतं. शिंपल्या पाणी गाळून खातात, म्हणून ते त्यांच्या मांसात साठतं. चव, वास, रंग, काहीच बदलत नाही. 1997 साली केरळात विळिंजमला अशाच शिंपल्या खाऊन माणसं दगावली होती.

आम्ही सांगलीकर घाटावरचे. रत्नागिरीहून पाहुणे पिशवी घेऊन आले की आई परातीत पाणी घालून एकेक तिसरी टिचकी मारून बघते. तोंड मिटलं तर ठेवायची, उघडंच राहिलं तर फेकायची. ही सवय सोडू नकाच. पण त्यातून शिंपली जिवंत आहे एवढंच कळतं. त्यामुळे कुठल्या खाडीतून काढल्या, तिथलं पाणी लाल-तपकिरी झालं होतं का, हे आणणाऱ्याला विचाराच.

खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठ-जिभेला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली तर पित्त समजून घरी थांबू नका. यावर उतारा नाही, पण श्वासाला वेळेत आधार मिळाला तर माणूस वाचतो.