कोयनेच्या पाण्याची स्थितिज ऊर्जा काढताना उंची कुठून मोजावी?

नववीचे पालक:
मुलीला ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा समजावून देताना मी कोयना धरणाचे उदाहरण घेतले आणि स्वतःच अडकलो. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार, हे तिला पाठ आहे. पण उंची कोणती घ्यायची, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवसागर जलाशय पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते, धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे आणि घाटाखालील पोफळीच्या वीजगृहापर्यंतचा उतार पावणेपाचशे मीटरच्या आसपास आहे. एकाच पाण्याच्या तीन ऊर्जा कशा? शिवाय वीजगृहाकडे उतरणाऱ्या नळांत पाण्याचा वेग सेकंदाला काही मीटरच असतो म्हणतात. मग गतिज ऊर्जा कुठे गेली?

घाटमाथा:
तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण पाण्याची अशी एकच एक ठरलेली स्थितिज ऊर्जा नसते. शून्य पातळी आपण आपल्या सोयीने ठरवतो आणि हाती येतो तो दोन पातळ्यांमधील फरक. पोफळीला शून्य धरून ४७५ मीटर उंची घेतली, तर एक घनमीटर पाण्यातून सुमारे ४६.५ लाख ज्यूल, म्हणजे जवळपास १.३ युनिट वीज मिळू शकते; प्रत्यक्षात थोडी कमी. या हिशेबाने पोफळीला पाण्याची ऊर्जा संपली असे वाटते. परंतु तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या जलाशयात साठते आणि आणखी खाली उतरताना कोयना वीजप्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातील ३२० मेगावॉटची यंत्रे फिरवते. तेथून ते वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते.

मुलीला एक गोष्ट अवश्य सांगावी. हेच पाणी पूर्वेकडे सोडले, तर कराडला कृष्णेत मिसळून शेवटी तेही समुद्रालाच पोहोचते, म्हणजे एकूण उंचीचा फरक तोच राहतो. मात्र तो उतार शेकडो किलोमीटरांवर पसरलेला असल्याने बरीचशी ऊर्जा खडक-वाळूशी होणाऱ्या घर्षणात आणि भोवऱ्यांत उष्णता होऊन जाते. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहाला शंभर मीटरहूनही कमी उतार मिळतो आणि त्याची क्षमता फक्त ४० मेगावॉट आहे.

जुना यंत्रशाळावाला:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. नळातील पाणी धबधब्यासारखे मोकळे कोसळत नाही. नळ काठोकाठ भरलेला असतो आणि खालचे तोंड अरुंद असल्याने वरचे पाणी खालच्याला रेटत राहते. त्यामुळे उंची कमी होताना वेग वाढत नाही, दाब वाढतो. तळाशी तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ४६ पट होतो. पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन चक्रे, म्हणजे कडेला वाट्या बसवलेली आणि पाण्याच्या धारेने फिरणारी चाके आहेत. त्यांच्या तोटीतून पाणी बाहेर पडताना या दाबाची गतिज ऊर्जा होते आणि घर्षण वगळल्यास धारेचा वेग सेकंदाला ९६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४५ किलोमीटर निघतो. चक्रावरील वाट्या धारेच्या साधारण निम्म्या वेगाने फिरतात, म्हणून पाणी आपली बहुतेक गती त्यांना देऊन अगदी मंद होऊन खाली पडते.

घाटमाथा यांच्या विधानात एक पुस्ती जोडतो: पेल्टन चक्रासाठी उंची तोटीपर्यंतच मोजावी, कारण तोटीखालचा उतार त्याला वापरता येत नाही. चौथ्या टप्प्यातील फ्रान्सिस टर्बाइन, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे चक्र, पाण्यात बुडलेले असते, तेथे खालच्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजावी लागते.

नववीचे पालक:
आता उलगडले. मग जलाशयाच्या पृष्ठभागालाच शून्य धरले, तर पोफळीच्या पाण्याची ऊर्जा ऋण येईल. ते चालेल का?

घाटमाथा:
चालेल; वजाबाकी केल्यावर उत्तर तेच येते. उपग्रहांच्या गणितात तर अनंत अंतरावर शून्य धरण्याची रीतच आहे, आणि तसे धरले तर पृथ्वीच्या पृष्ठभागावरील एक किलो पाण्याची स्थितिज ऊर्जा उणे सुमारे ६.२५ कोटी ज्यूल भरते.