'ट्वेल्व्ह मंकीज'मध्ये शेवटी काहीच बदलत नाही म्हणे!

पारिजात: काल एकाने लिहिलं, '१९९५चा हा चित्रपट म्हणजे दोन तास पाण्यात. नायक मरतो, साथ पसरतेच.' राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो, नायक कोलला भविष्यातून मागे पाठवतात ते साथ थांबवायला नाहीच! पाच अब्ज माणसं गेली ती गेली, हे धरूनच त्याला पाठवणारे शास्त्रज्ञ चालतात. त्यांना हवाय मूळ विषाणू, औषध शोधायला. शेवटी विमानात विषाणू पसरवणाऱ्या माणसाशेजारी त्यांच्यातलीच बाई येऊन बसते. नीट बघा तरी!

नदीकाठ: बघितलं. तरी पोटात तुटलंच. लहानग्या कोलने विमानतळावर नकळत मोठेपणीच्या स्वतःचाच मृत्यू बघायचा, हा कसला शेवट? आणि त्या ब्रॅड पिटला वेड्याच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन! माझा धाकटा भाऊ तीन आठवडे मनोरुग्णांच्या वॉर्डात होता. तिथे कुणी असं उड्या मारत नव्हतं. गोळ्यांनी त्याचे हात इतके कापायचे की अर्धा चहा बशीत. मग बशीच तोंडाला लावायचा. जीभ जड, 'ताई' म्हणायलाही वेळ लागायचा.

पारिजात: प्रश्न शेवटाचा होता, तो विषय सोडून तुम्ही पिटवर गेलात. आणि कोल नाही का दिसला? बाल्टिमोरच्या कोठडीत औषधांच्या गुंगीत लाळ गळतेय, धड बोलता येत नाही. ते खोटं आहे?

जुनाखेळ: ज्यावरून हा घेतला तो १९६२चा फ्रेंच लघुपट बघा. २८ मिनिटं, जवळजवळ सगळी स्थिरचित्रं. एकदाच त्यातली बाई डोळे उघडते, तेवढंच हलतं. शेवट हाच, पण अंगावर येतो.

नदीकाठ: तुमचा लघुपट राहू द्या. पारिजात, लाळेचं खरं आहे, मान्य. पण लोकांच्या लक्षात पिटच राहतो. भाऊ घरी आला त्या दिवशी जिन्यात पोरांनी डोळे गरागरा फिरवून दाखवले. तो परत वर गेला, आठवडाभर खाली उतरला नाही. तेव्हा 'विषय सोडला' म्हणू नका.

पारिजात: तसं म्हणायला नको होतं. पिटबद्दल माघार घेते. शेवटाबद्दल नाही.

नदीकाठ: नका घेऊ. भावाने मात्र काल पुन्हा लावला. कोलची मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाई फोनवर निरोप ठेवते, भविष्यात ऐकलेला तोच निरोप कोल शब्दशः म्हणून दाखवतो आणि तिला कळतं की हा खरं बोलत होता. तेवढाच भाग त्याने तीनदा मागे घेऊन बघितला.